अविश्वासाचें मोल : ‘केऑस’ या खेळाचें परीक्षण

बुद्धिबळाच्या पटावर लबाडीला जागा नाहीं. राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट, प्यादीं सर्व उभय खेळाडूंच्या डोळ्यांपुढें उघडीं मांडलेलीं असतात. गुप्त असतें तें प्रतिपक्ष्याच्या मनांत काय आहे एवढेंच. पत्त्यांची गोष्ट याच्या उलट. तेथें पानें झांकलेलीं असतात, आणि खेळाडूची सारी करामत झांकलेल्या पानांचा अदमास घेण्यांत असते. या दोहोंच्या मधोमध एक तिसरी जात संभवते. तींत सर्व मोहरीं उघडीं दिसत असतात, प्रत्येकाचें बळ व चाल सर्वांस ठाऊक असते, आणि तरीही समोर उभें असलेलें मोहरें खरोखर आहे कीं नुसता भास आहे, हा संशय कोणाच्याच मनांतून जात नाहीं. अशा जातीचा एक खेळ इंग्लंडांत १९८५ सालीं निघाला. त्याचें नांव ‘केऑस’, म्हणजे अंदाधुंदी; आणि ‘मांत्रिकांचें युद्ध’ असें त्याचें उपनाम. ज्या यंत्रासाठीं तो लिहिला गेला तें यंत्र बाजारांतून केव्हांच नाहींसें झालें. तरी त्या यंत्राचें सोंग घेणारी एम्युलेटर नांवाची योजना आजच्या संगणकावर चालवून लोक तो अद्यापि खेळतात. आम्हींही तो तसाच खेळलों, आणि एकदां नव्हे तर अनेक वेळां खेळलों. त्याच्याइतका मार्मिक खेळ संगणकाच्या पडद्यावर आमच्या पाहण्यांत फारसा आलेला नाहीं. तें कां, हें सांगण्याचा येथें यत्न करावयाचा आहे.

खेळाचे कर्ते ज्यूलिअन गॉलप हे त्या वेळीं विशींत पोंचलेले एक इंग्रज तरुण होते. पुढें १९९४ सालीं ‘यूएफओ : एनिमी अननोन’ या खेळानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें, अमेरिकेंत हाच खेळ ‘एक्स-कॉम’ या नांवानें गाजला. परंतु त्याच्या आधींच्या दहा वर्षांत त्यांनीं जी उमेदवारी केली, तिचें सर्वांत सरस फळ ‘केऑस’ हेंच होय, असें आमचें मत आहे. हा खेळ त्यांनीं प्रथम पट आणि पत्ते यांच्या रूपांत कल्पिला होता, संगणकावर तो मागाहून आला. आणि त्या मूळ रूपाचा वास अजूनही त्यास येतो. प्रकाशक होते ‘गेम्स वर्कशॉप’, म्हणजे पटावरील खेळ व धातूचे चिमुकले सैनिक यांकरितां प्रसिद्ध असलेली कंपनी. यंत्र म्हणाल तर सिंक्लेअर कंपनीचें ‘झेड्‌एक्स स्पेक्ट्रम’. १९८२ सालीं निघालेल्या या लहानशा काळ्या पेटीला रबरी कळा होत्या. ती घरांतल्या दूरचित्रवाणी-संचास जोडावयाची, आणि खेळ कॅसेटवरून चढवावयाचा. चढतांना जो किंकाळ्यांचा कल्लोळ होई तो ज्यांनीं ऐकला आहे त्यांस तो जन्मभर विसरणार नाहीं. यंत्राची सारी स्मरणशक्ति ४८ किलोबाइट. आज एखाद्या लग्नाचें एक छायाचित्र फोनमध्यें ठेवावयाचें तरी यापेक्षां कित्येक पट अधिक जागा लागते. भारतांतही डेसिबेल्स या कंपनीनें याच यंत्राची परवान्यानें काढलेली आवृत्ति विकली होती, त्यामुळें आमच्या कांहीं वाचकांच्या माळ्यावर ती पेटी अद्यापि धूळ खात पडलेली असेल.

संगणकी खेळावर गंभीरपणें लिहावें काय, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनीं विचारला. त्यांस आम्हीं इतकेंच विचारलें, कीं बुद्धिबळाच्या डावांचीं टिपणें आपण वर्षानुवर्षें जपून ठेवतां तीं कां? त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. असो.

आतां खेळाची रचना. पटावर आडवीं १५ आणि उभीं १० अशीं १५० घरें. मांत्रिक दोनांपासून आठांपर्यंत. त्यांतील कितीजण माणसांनीं चालवावयाचे व कितीजण यंत्रानें, हें आपण ठरवावें. आरंभीं प्रत्येकाच्या वांट्यास दैवगतीनें कांहीं मंत्र येतात. एकाला नागराज, लांडगा, सिंह यांचे मंत्र मिळतील. दुसऱ्याला वीज, जादूची तलवार, पंख. तिसऱ्याला भुतें आणि सांगाडे. शत्रूचा प्राणी आपल्या बाजूस वळविणारा एक मंत्र आहे, त्याला आपण फितुरी म्हणूं. मेलेल्यास उठविणारा एक आहे, त्यास संजीवनी म्हणावयास हरकत नाहीं. प्रत्येक फेरीचे तीन भाग. प्रथम सर्वांनीं आपापला मंत्र निवडावयाचा. मग ओळीनें सर्वांनीं ते टाकावयाचे. मग ओळीनें आपापले प्राणी हालवावयाचे व लढवावयाचे. एकदां टाकलेला मंत्र संपला. शेवटीं जो मांत्रिक उरेल तो जिंकला. आणि मांत्रिक मेला कीं त्यानें निर्माण केलेली सारी सेना त्याच क्षणीं अंतर्धान पावते. या एका नियमामुळें बलाढ्य सेनेचा धनीही स्वतःच्या जिवाविषयीं निर्धास्त राहूं शकत नाहीं. जागोजाग बारीक युक्त्या आहेत. शत्रूच्या शेजारच्या घरांत गेलेलें मोहरें तेथें अडकतें, व सुटेल कीं नाहीं हें त्याच्या चपळाईवर ठरतें. भूतयोनींतील प्राण्यांस भूतयोनींतलाच प्राणी किंवा जादूचें हत्यार जखमी करूं शकतें. चिकट गोळा आणि जादूची आग हीं आपोआप पसरत जातात, आणि कोणीकडे पसरावें हें त्यांच्या धन्यासही विचारीत नाहींत. या सर्वांचें वर्णन करीत बसलों तर हें परीक्षण नियमावली होऊन बसेल. खेळाचा प्राण निराळ्याच ठिकाणीं आहे.

प्रत्येक मंत्राच्या सिद्धीचें एक शेंकडा-प्रमाण ठरलेलें असतें. दुबळ्या प्राण्याचा मंत्र बहुधा साधतो. सोनेरी ड्रॅगनासारखा महाबली प्राणी क्वचितच अवतरतो. परंतु प्राण्याचा मंत्र निवडला कीं यंत्र खेळाडूस एक प्रश्न विचारतें : हा प्राणी भासरूप हवा काय? ‘होय’ म्हटलें तर सिद्धीची चिंता नाहीं. तो प्राणी हटकून प्रकट होतो. दिसावयास तो खऱ्यासारखा, चालावयास खऱ्यासारखा, आणि चावावयासही खऱ्यासारखाच. भासरूप सिंहानें मारलेला मांत्रिक खराच मरतो. उणेपण एकच. प्रत्येक मांत्रिकापाशीं ‘अविश्वास’ नांवाचा एक मंत्र असतो, तो कधींही संपत नाहीं व कधीं चुकत नाहीं. तो शत्रूच्या कोणत्याही एका प्राण्यावर टाकावा; प्राणी भास असेल तर विरून जाईल, खरा असेल तर जागचा हालणारही नाहीं, आणि टाकणाऱ्याची त्या फेरींतील मंत्राची संधि फुकट जाईल.

बस्स, सारी जादू एवढ्यांत आहे. अविश्वास फुकट मिळत नाहीं, हें या खेळाचें मुख्य सूत्र. संशय घेणाऱ्यानें संशयाची किंमत त्याच क्षणीं मोजावयाची. आणि ती पैशांत नव्हे तर वेळांत मोजावयाची.

आमच्या वाचकांस येथें रामायणांतील युद्धकांडाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. इंद्रजितानें मायेची सीता रथांत बसवून मारुतीच्या डोळ्यांदेखत तिचा वध केला. मारुतीनें तें सत्य मानलें, युद्ध थांबविलें, आणि ती वार्ता रामास जाऊन सांगितली. राम मूर्च्छित पडला. शेवटीं ही माया आहे हें सांगितलें बिभीषणानें, कारण राक्षसांच्या घरची रीत त्यास ठाऊक होती. परंतु तोंपर्यंत इंद्रजितानें काय साधलें? तो निकुंभिलेस यज्ञाला जाऊन बसला होता. मायेच्या सीतेनें वानरसेनेंतील एकाही वीराला मारलें नाहीं. तिनें फक्त वेळ विकत घेतला. कपटयुद्धाचें हें मर्म आपल्याकडील कथाकारांस पक्कें ठाऊक होतें. भास खरा ठरण्याची गरजच नसते. तो ओळखावयास शत्रूचा जितका काळ जाईल तितकी आपली कमाई. ‘केऑस’ खेळणारा चतुर मनुष्य चार-दोन डावांतच नेमक्या याच सिद्धान्तास येऊन पोंचतो. आपला भास उघडकीस आला तरी तो हळहळत नाहीं. शत्रूची एक फेरी त्यानें खाल्लेली असते.

येथें थोडें गणित करूं. समजा, एखाद्या मंत्राची सिद्धि शेंकडा १० आहे, आणि आपला प्रतिपक्षी निम्म्या वेळां खरा मंत्र टाकतो व निम्म्या वेळां भासरूप टाकतो. तो प्राणी पटावर उभा राहिलेला दिसला तर तो खरा असण्याचा संभव किती? निम्मे, असें उतावळा मनुष्य म्हणेल. पण खरे टाकलेले दहांपैकीं नऊ मंत्र फसतात आणि त्यांचा प्राणी दिसतच नाहीं. भासरूप मात्र दहाच्या दहाही दिसतात. म्हणून दिसलेल्या अकरा प्राण्यांत खरा एकच. सिद्धि शेंकडा ५० असेल तर तिघांत एक खरा. ८० असेल तर नवांत चार. म्हणजे प्राणी जितका भयंकर, तितका तो खोटा असण्याचा संभव अधिक! यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, कीं नवशिका हटकून सर्वांत मोठ्या प्राण्याचा भास उभा करतो व तत्काळ पकडला जातो. मुरलेला मनुष्य मध्यम प्रतीच्या प्राण्याचा भास करतो, ज्यावर संशय घ्यावा कीं नाहीं याचा निर्णय शत्रूस होत नाहीं. दुसरी अशी, कीं एखाद्यास दैवयोगानें महाप्राणी खराच साधला, तर जगांत त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवीत नाहीं. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणीं ऐकली. या खेळांत मात्र आजवर एकदांही खोटें न बोललेल्या पोराचीही तीच गत होते. कां, तर त्याचा लांडगा फार मोठा निघाला!

दोघांच्या खेळांत भास आणि अविश्वास यांचा हिशेब सरळ आहे. एकाचा मंत्र गेला, दुसऱ्याची फेरी गेली, फिटंफाट झाली. मांत्रिक चार किंवा पांच झाले कीं तोच हिशेब कांहीं निराळा होतो. समोर संशयास्पद राक्षस उभा आहे. तो सर्वांनाच घातक आहे. पण त्यावर अविश्वास टाकण्यांत फेरी जाईल ती एकट्याची, आणि लाभ मात्र सर्वांचा होईल. मग मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी? प्रत्येकजण शेजाऱ्याकडे पाहतो. शिवाय मंत्र आधीं निवडावयाचे व मागाहून टाकावयाचे असल्यामुळें शेजाऱ्यानें काय निवडलें हें निवडतेवेळीं ठाऊक नसतें. परिणाम दोहोंपैकीं एक : एक तर कोणीच घंटा बांधीत नाहीं, किंवा सगळेच घंटा घेऊन धांवतात. नगरपालिकेच्या नळावर पहांटे पाणी भरणाऱ्या चाळकऱ्यांस हा अनुभव नवा नाहीं. सार्वजनिक हिताच्या कामांत माणसें अशीं कां वागतात यावर विद्वानांनीं मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. ४८ किलोबाइटांच्या या खेळानें तो प्रसंग अर्ध्या तासांत घडवून दाखविला आहे. उपदेशाचा त्यांत एक शब्द नाहीं, हें विशेष.

आणि आतां ज्या गोष्टीमुळें आम्हांस हा खेळ इतका आवडला ती गोष्ट. स्पेक्ट्रमला पडदा एक आणि कळफलक एक. आठजण खेळत असले तरी मंत्रांची यादी त्याच पडद्यावर उमटणार, आणि ‘भासरूप हवा काय?’ हा प्रश्नही त्याच पडद्यावर विचारला जाणार. तेव्हां एकाची निवड चालली असतां बाकीच्यांनीं तोंडें फिरवावयाचीं, हा अलिखित नियम. मौज पाहा : सारा खेळ फसवणुकीचा, आणि तो चालावयास सर्व खेळाडूंची सचोटी हवी! एकानेंही डोळ्याच्या कोपऱ्यांतून पाहिलें तर माया आणि अविश्वास या दोहोंचाही अर्थ संपला. मांत्रिकानें पटावर वाटेल तितकें खोटें करावें, पण खुर्चीवरच्या माणसानें भिंतीकडेच पाहावें. आजच्या खेळांत प्रत्येकाला आपापला पडदा असतो व पाहूं नये तें दिसण्याची सोयच नसते. तेव्हां न पाहणें हा गुण राहात नाहीं. कर्त्यानें हें हेतुपुरस्सर केलें असेल असें नाहीं. यंत्राच्या दारिद्र्यानेंच तें घडविलें असावें. परंतु कलेच्या क्षेत्रांत दारिद्र्यानें घडविलेल्या गोष्टी पुष्कळ वेळां श्रीमंतीनें घडविलेल्यांपेक्षां सरस उतरतात.

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं हा खेळ झाला त्याचा वृत्तान्त येथें देणें अप्रस्तुत होणार नाहीं. खेळाडू चौघे : आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत सर्व माई म्हणतात, त्यांचा महाविद्यालयांत शिकणारा चिरंजीव, शेजारचे वकीलसाहेब, आणि आम्ही. माईंनीं आयुष्यांत कोणास खोटें सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. दूधवाल्यानें एक पिशवी हिशेबांत धरावयाची विसरली तर त्या स्वतः होऊन सांगतात. खेळ समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे मला लबाडी करतां येईल, पण केलीच पाहिजे असें नाहीं ना?” तसें नाहीं म्हणून आम्हीं सांगितलें. दुसऱ्याच फेरींत माईंच्या शेजारीं सोनेरी ड्रॅगन प्रकट झाला.

भाच्यानें तोंडांतल्या तोंडांत गणित केलें, अकरांत एक! वकीलसाहेब म्हणाले कीं, पुराव्याच्या दृष्टीनें पाहतां हा प्राणी मानण्याजोगा नाहीं. आमच्यापुढें मोठें संकट उभें राहिलें. गणित एकीकडे, आणि साठ वर्षांची ओळख दुसरीकडे. शेवटीं आम्हींही, सांगावयास संकोच वाटतो, गणिताचीच बाजू घेतली. निवड झाली; आणि मंत्र टाकण्याची वेळ आली तेव्हां कळून आलें कीं आम्हां तिघांनींही एकाच फेरींत, एकमेकांस न सांगतां, ‘अविश्वास’च निवडला होता. भाच्याचा मंत्र प्रथम पडला. ड्रॅगन जागचा हालला नाहीं. मागाहून ज्यांची पाळी आली त्या आम्हां दोघांस आतां आपला मंत्र टाकून उपयोग नव्हता आणि परत घेण्याची सोय नव्हती. तीन माणसांच्या तीन फेऱ्या एका खरेपणावर खर्च झाल्या. पुढल्या चार-पांच फेऱ्यांत त्या ड्रॅगननें दुरूनच आग ओकून आम्हां तिघांचा निकाल लावला. माई शांतपणें म्हणाल्या, “मला कोणी विचारलेंच नाहीं.” खरोखर कोणी विचारलें नव्हतें. खेळांत विचारण्यास बंदी नाहीं; पण तें सुचलें नाहीं एवढें खरें.

या एका प्रसंगांत खेळाचें सारें सामर्थ्य आलें. पटावरील मोहऱ्यांचें बळ आंकड्यांत मांडलेलें असतें. परंतु ज्यावर डाव ठरतो तें बळ, म्हणजे खेळाडूची पत, कोठेंही मांडलेलें नसतें. ती पत खोलींत असते, कुटुंबांत असते, गेल्या डावांत काय घडलें याच्या आठवणींत असते. म्हणून यंत्राच्या मांत्रिकांशीं एकट्यानें खेळलेला ‘केऑस’ आणि चार माणसांत खेळलेला ‘केऑस’ हे आम्हांस दोन निराळे खेळ वाटतात. यंत्र लढतें, मंत्र टाकतें, कधीं कधीं चांगला घावही घालतें. पण त्याला कोणाचा स्वभाव ठाऊक नसतो आणि त्याचाही कोणाला ठाऊक नसतो. त्याच्यावर संशय घेण्यांत रस नाहीं. (जातां जातां एक सूचना : ‘होय’साठीं वरच्या ओळींतली व ‘नाहीं’साठीं खालच्या ओळींतली कळ दाबावी लागते, त्यामुळें तोंड फिरवून बसलेला पोरगा भिंतीवरच्या सांवलींतून कोपराची हालचाल टिपूं शकतो. आमच्या भाच्यानें हें मागाहून कबूल केलें. दिवा खेळाडूंच्या पाठीशीं ठेवूं नये.)

दोषांविषयीं मौन धरणें हें परीक्षकास शोभणारें नाहीं, आणि या खेळांत दोष आहेत. दैवाचा वांटा अंमळ अधिकच आहे. एकामागून एक चार मंत्र फसले तर बुद्धिमान खेळाडूही उघड्या मैदानांत एकटा उभा राहतो, आणि त्यांत त्याचा अपराध कांहीं नसतो. सारीपाटावर दान वाईट पडलें तर निदान सोंगट्या तरी हातांत असतात! मांत्रिक लौकर मेला तर त्या खेळाडूनें उरलेला सारा वेळ दुसऱ्यांचे डाव पाहात बसावयाचें. आठजणांच्या खेळांत हा वनवास बराच लांबतो. नियम आणि अंदाधुंदी यांचा एक तराजू कर्त्यानें योजिला आहे. नियमाच्या पक्षाचे मंत्र जितके टाकावे तितकें जग नियमाकडे झुकतें आणि तसे मंत्र सोपे होत जातात. उलट बाजूचेंही तसेंच. कल्पना उत्तम, परंतु डाव इतक्या लौकर संपतो कीं तो तराजू नीट झुकावयास अवसरच मिळत नाहीं. ज्या कल्पनेनें खेळास नांव दिलें तीच त्यांत सर्वांत दुबळी राहावी, ही खेदाची गोष्ट. पसरणाऱ्या आगीविषयीं मात्र आमच्या मित्रांचा व आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, तिनें सर्व डावपेंच धुळीस मिळतात. आम्हांस वाटतें कीं आग लावणाऱ्यासही आगीची भीति वाटावी हें योग्यच आहे.

चित्रांविषयीं दोन शब्द. प्रत्येक घर सोळा ठिपके लांब व सोळा ठिपके रुंद, आणि भोंवतीं काळोख. यंत्राची मर्यादा अशी, कीं आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनांत दोहोंपेक्षां अधिक रंग मावत नाहींत. या मर्यादेपायीं त्या काळच्या कित्येक खेळांचीं चित्रें रंगांच्या खरकट्यासारखीं दिसतात. येथें कर्त्यानें प्राणी घरांतल्या घरांतच ठेवले, त्यामुळें एकाचा रंग दुसऱ्यास लागत नाहीं. तेवढ्याशा जागेंत सिंह सिंहासारखा, वटवाघूळ वटवाघळासारखें आणि सांगाडा सांगाड्यासारखा दिसतो, आणि दोन-चार चित्रांच्या अदलाबदलीनें तीं जागच्या जागीं हालतात. अधिक तपशील असता तर अधिक चांगलें झालें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सोळा ठिपक्यांचा ड्रॅगन खरा आणि खोटा सारखाच दिसतो. आणि तो सारखा दिसला पाहिजे हीच तर खेळाची अट. भेद उमटतो तो मरणानंतर. खरा प्राणी मेला कीं त्याचें मढें पटावर पडतें, आणि संजीवनीचा मंत्र असणारा त्यास उठवूं शकतो. भास मेला तर घर नुसतें मोकळें होतें.

गॉलप यांची पुढील वाटचाल थोडक्यांत सांगून टाकूं. ‘रेबेलस्टार’ १९८६ सालीं आला, ‘लेझर स्क्वॉड’ १९८८ सालीं. हे दोन्ही अंतराळांतील शिपायांचे खेळ, आणि ‘एक्स-कॉम’चे सरळ पूर्वज. ‘लॉर्ड्‌स ऑफ केऑस’ हा मांत्रिकांचा दुसरा खेळ १९९० सालचा. त्यांत मैदान मोठें झालें, मांत्रिक डावागणिक अनुभवानें वाढूं लागला, वनस्पति गोळा करून काढे करूं लागला. विस्तार झाला खरा, पण ज्या दाटीमुळें प्रत्येकाची नजर प्रत्येकावर राही ती दाटी गेली. दीडशें घरांच्या अंगणांत कोणाचें भांडण लपत नाहीं. मोठ्या वाड्यांत तें चार भिंतींआड जातें. ‘एक्स-कॉम’ची थोरवी निर्विवाद आहे, आणि तिच्या भयाची जातही निराळी आहे. तेथें शत्रु अंधारांत असतो, पुढलें पाऊल टाकल्यावर काय दिसेल याची धडधड असते; न दिसणाऱ्याची ती भीति. ‘केऑस’मध्यें जें भय आहे तें दिसणाऱ्याचें. शत्रु दहा घरांवर उजेडांत उभा आहे, आणि तो आहे कीं नाहीं हेंच ठरत नाहीं. पहिल्या जातीचें भय पुढें शेंकडों खेळांनीं उचललें. दुसऱ्या जातीचें उचलावयास फारसें कोणी धजलें नाहीं. शेवटीं स्वतः कर्त्यानेंच २०१५ सालीं ‘केऑस रीबॉर्न’ या नांवानें मूळ खेळ नव्या वेषांत आणला, आणि तींत भास व अविश्वास कायम ठेवले. वेष सुंदर आहे. पण त्यांत दूरदेशींच्या अनोळखी माणसांशीं तारेवरून खेळावयाचें, आणि अनोळखी माणसाची पत ती कसली?

माईंनीं दुसरा डाव खेळण्यास प्रथम नकार दिला. मग तुळशीचें लग्न झाल्यावर एका रविवारीं आपण होऊनच त्या येऊन बसल्या. तिसऱ्या फेरींत पुन्हां त्यांचा ड्रॅगन उभा राहिला, या वेळीं हिरवा. भाच्यानें गणित केलें नाहीं. वकीलसाहेबांनीं पुराव्याची गोष्ट काढली नाहीं. आम्ही तिघेही त्या प्राण्यापासून शक्य तितके दूर सरकलों, एकमेकांशीं लढूं लागलों, आणि अर्थात् हरलों. डाव संपला तेव्हां ड्रॅगन जिवंतच होता, म्हणून त्याचें मढें पडलें असतें कीं घर मोकळें झालें असतें, हें कळावयास मार्ग उरला नाहीं. या खेपेस आम्हीं त्यांस विचारलें. त्या म्हणाल्या, “चहा ठेवतें,” आणि आंत गेल्या.